ओडेसाच्या शेजारची जागा

मी, थॅडियस मॅकॅल्पिन, वय वर्षे ब्याऐंशी, धंदा दफनविधी व मयताची व्यवस्था, राहणार चॅपल रस्ता, कोलमन बेंड, अलाबामा, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्या दडपणाला किंवा गोड बोलण्याला न भुलता, माझ्या पश्चात माझ्या मिळकतीची व माझ्या वैरांची व्यवस्था कशी लागावी हे येथे लिहून ठेवत आहे. यापूर्वी मी केलेली दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती मी टार्व्हर कॉलेजकडून फुटबॉलचा सामना हरलेल्या आठवड्यांत लिहिली होती आणि माझ्या मेहुण्याविषयी त्यांत जे शब्द होते ते न्यायाधीशांना मोठ्याने वाचता आले नसते.

माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे डॉक्टर टार्व्हर कॉलेजात शिकलेले आहेत, मी हॅलोवे कॉलेजचा. मला वेडा ठरवता आले असते तर त्यांनी ती संधी सोडली नसती. तेव्हा या दाखल्यावर कोणी शंका घेऊ नये.

बाकीची कलमे सोपी आहेत. अडचण आहे ती फक्त एका जागेची. हॅलोवेच्या स्टेडियममागच्या टेकडीवर माझ्या वडिलांनी आमच्या कुळासाठी दफनभूमी घेऊन ठेवली. तिथे आई आहे, वडील आहेत, काका-आत्या आहेत आणि तीन वर्षांपूर्वी गेलेली माझी धाकटी बहीण ओडेसा आहे. आता ओडेसाच्या डाव्या हाताला एकच जागा उरली आहे. कागदोपत्री ती माझी आहे, आणि मी लग्न केले नाही, मुलेबाळे नाहीत, तेव्हा मरणानंतर आपण तिथेच जाणार असे मी धरून चाललो होतो. तीच जागा ओडेसाचा नवरा अल्फॉन्झो ग्रिग्ज यालाही हवी आहे. तिचा निकाल मी अखेरच्या कलमात दिला आहे. ग्रिग्ज हे वाचन ऐकायला बसला असेल तर त्याने पाने उलटायला सांगू नये. माझ्या हयातीत त्याने माझे बोलणे एकदाही पुरते ऐकून घेतले नाही. आता ऐकावे.

कलम पहिले. माझे राहते घर, त्यातील सर्व सामानसुमानासह, माझी भाची रोझेटा हिला मिळावे. रोझेटा ही ओडेसा व ग्रिग्ज यांची एकुलती एक मुलगी. तिचा हॅलोवेचा पदवीदान झगा माझ्या बैठकीच्या खोलीत टांगलेला आहे, कारण तिच्या बापाने तो स्वतःच्या घरात लावू दिला नव्हता. ग्रिग्जला या घरात यायला, जेवायला आणि नातवंडांशी खेळायला मुभा आहे. सामन्याच्या दिवशी ओसरीवर टार्व्हरचे हिरवे निशाण लावायला मुभा नाही. त्याने ते लावले तर ते काढून भांडी पुसायला घ्यावे.

कलम दुसरे. "मॅकॅल्पिन आणि मुलगा" ही पेढी, इमारत, अवजारे व गिऱ्हाइकांचा विश्वास यांसकट रोझेटाच्याच नावे करावी. गेली वीस वर्षे ती माझ्या हाताखाली काम करते आहे आणि मयताच्या चेहऱ्यावरचा हात तिचा माझ्यापेक्षा हलका आहे. पेढीचे नाव बदलू नये. "मुलगा" म्हणजे मीच, तो मेला तरी पाटी मरत नाही.

माझ्या वडिलांनी घातलेला नियम मात्र तिने मोडू नये. घरच्या मैदानावर सामना असेल त्या शनिवारी आपण कोणालाही पुरत नाही. मेलेल्याला घाई नसते आणि जिवंतांना जागा धरायची असते. हा नियम एकदाच मोडला, तो आमचे पाद्रीबाबा रेव्हरंड स्पिव्ही यांच्या हट्टामुळे. चर्चचे जुने सेवेकरी डीकन होल्ट यांना त्यांनी शनिवारी सकाळी पुरायचे ठरवले. प्रवचन लांबता लांबता नोहाच्या तारवापर्यंत गेले. टेकडीखाली बँड चॅपलपासून निघाला होता, ढोल ऐकू येत होते, आणि शोकाकुल मंडळींचे पाय आपोआप ठेका धरू लागले होते. मी मागून कुजबुजलो, "पाद्रीबाबा, स्वर्गात पोचायलासुद्धा इतका वेळ लागत नाही."

ते म्हणाले, "थॅडियस, मरणापुढे खेळ मोठा नाही."

त्यावर खुद्द डीकनची विधवा पदर सावरावा तशी टोपी सावरून म्हणाली, "बाबा, आटपा आता. त्यांची खुर्ची तिकडे रिकामी दिसतेय, आणि त्यांना ते खपायचं नाही."

पाद्रीबाबांनी तारू किनाऱ्याला लावले. ते या मृत्युपत्राचे साक्षीदार असणार आहेत. त्यांनी मजकूर न वाचता सही करावी, अशी विनंती आहे.

कलम तिसरे. जुनी काळी शववाहिका आणि तळघरातली तडा गेलेली शवपेटी या दोन्ही हॅलोवेच्या विद्यार्थ्यांना द्याव्यात. कशासाठी ते त्यांना ठाऊक आहे. टार्व्हरशी सामना असतो त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, मुले टार्व्हरची प्रेतयात्रा काढतात. हिरव्या कपड्यांतले बुजगावणे पेटीत घालायचे, पेटी माझ्या गाडीत ठेवायची, पुढे बँडने रडके सूर काढायचे, मागून मुलींनी काळ्या जाळीच्या टोप्या घालून छाती पिटायची. गाडी दर वर्षी मीच चालवत आलो, गंभीर चेहऱ्याने. माझ्याइतके गंभीर त्या मिरवणुकीत कोणीच नसते, म्हणून लोक जास्त हसतात.

ओडेसा गेली ती नेमकी त्याच आठवड्यात.

सोमवारी तिला पेढीवर आणले. माझ्या माणसांना मी बाहेर काढले, कारण रक्ताच्या माणसाला परक्याने हात लावलेला मला चालत नाही. रोझेटा आणि मी, दोघेच होतो. तेवढ्यात मागच्या दाराने ग्रिग्ज आला. हातात कपड्यांची लांब पिशवी. ती त्याने टेबलाच्या कडेला टांगली.

"हा घाल तिला," तो म्हणाला.

मी चेन उघडली. आत हिरवा सूट. टार्व्हरचा हिरवा, ज्याला दुसरे कोणतेही नाव देता येत नाही असा.

"दाजी, पिशवी चुकली तुमची."

"चुकली नाही."

"ही हॅलोवेची पोर आहे. हॅलोवेत शिकली, हॅलोवेच्या गायकवृंदात गायली. आमची आईसुद्धा इथलीच."

"आणि जन्म काढला माझ्या घरात. तिचा नवरा कोण, तू का मी?"

"अरे, शुक्रवारी याच दारातून हिरवं बुजगावणं निघतं! सगळं गाव पोट धरून हसतं त्याला. तसं तिला पेटीत घालू मी? माझ्या हातानं?"

"गावाला हसायचं तर हसू दे. तिला तो सूट आवडायचा."

"तुला आवडायचा. तिला आमचा जांभळा शोभायचा."

"शोभायचा तुला. जन्मभर तिला तुझ्याच डोळ्यांनी बघितलंस तू."

रोझेटा मध्ये आली. "मामा, बाबा, बास. आईसमोर तरी नको."

कायद्याने कपडे नवरा ठरवतो. हा कायदा ज्याने केला त्याला बहीण नसावी. मी ओडेसाला हिरवा सूट घातला. कॉलर सरळ केली, बाह्यांच्या चुण्या काढल्या, गुंड्या लावल्या आणि प्रत्येक गुंडीगणिक ग्रिग्जला एक शिवी दिली. ती छान दिसत होती. हे मी त्याला सांगितले नाही आणि या कागदाखेरीज कोणालाही सांगितलेले नाही.

त्या वर्षी शुक्रवारी मी गाडी दिली नाही. मुले आली, दारात काळा फुलगुच्छ पाहून टोप्या काढून परत गेली. गुरुवारी ओडेसाला टेकडीवर पोचवले होते. शनिवारी सामना झाला. मी गेलो. ग्रिग्जही आला, हिरवा कोट घालून, आणि समोरच्या स्टँडमध्ये एकटा बसला. लोकांनी त्याला नावे ठेवली. मी नाही ठेवली. जाणार कुठे होता तो? पण तो हिरवा मी त्याला कधीही माफ केलेला नाही आणि करण्याचा इरादाही नाही.

कलम चौथे. स्टेडियमच्या पूर्वेकडच्या दरवाजासमोर ओकचे झाड आहे. त्याखालची जागा कोणाच्या मालकीची नाही, कॉलेजची आहे, पण माझ्या वडिलांपासून सामन्याच्या दिवशी तिथे चूल आमची पेटते आणि पहाटे कोणी त्या जागी गाडी लावत नाही. मालकी नसलेली वस्तू मृत्युपत्रात देता येत नाही, असे वकिलाने मला सांगितले. मी देतो आहे. झाड, जागा, लोखंडी धुरी-भट्टी, लांब चिमटा आणि डुकराच्या बरगड्यांना लावायच्या मसाल्याची कृती रोझेटाला. कृती तिच्या डोक्यात आहे, ती तिने नवऱ्याला सांगू नये.

कॉलेजच्या सध्याच्या अध्यक्षांनी त्या झाडापर्यंत पांढरे तंबू आणले आहेत. तंबूत थंड हवा, खुर्च्यांना गाद्या आणि दारावर कुठल्याशा विमा कंपनीची पाटी. आत बसून लोक पडद्यावर सामना पाहतात, स्टेडियम हाकेच्या अंतरावर असताना. गेल्या वर्षी अध्यक्ष माझ्याकडे येऊन म्हणाले, "मॅकॅल्पिनसाहेब, आपण ही जागा थोडी मागे सरकवली तर?"

मी म्हणालो, "सरकवतो की. आधी झाड सरकवा."

ते हसले आणि माझ्या भट्टीतली बरगडी खाऊन गेले. तंबूवाल्यांनी त्यांना कोरडे सँडविच दिले होते. रोझेटाने त्यांना इथून पुढेही बरगडी द्यावी, पण जागा वीतभरही देऊ नये.

आता रोझेटाचा नवरा डेरेल. माणूस वाईट नाही. ओहायोचा आहे. लग्नानंतर पहिल्यांदाच आमच्याबरोबर सामन्याला आला आणि मध्यंतराची शिट्टी होताच उठून उभा राहिला. म्हणाला, "कोणाला काही खायला आणू?"

आमच्या अख्ख्या ओळीने माना वळवल्या. मागच्या बाईंनी छत्रीच्या टोकाने त्याला ढोसले. हॅलोवेत लोक खायला आणतात ते खेळ चालू असताना. मध्यंतराला बँड मैदानात येतो, आणि बँड मैदानात असताना जागा सोडून जातो तो एक तर मरायला टेकलेला असतो, नाही तर ओहायोचा. डेरेल म्हणाला, "पण आमच्याकडे सगळे मध्यंतरालाच जातात." मी म्हणालो, "म्हणून तुमच्याकडे कोणी बँड ऐकलेला नाही, जावईबापू. बसा." तो बसला, पण त्याची मान अजूनही खाण्याच्या टपऱ्यांकडे वळते. माझ्या दोन्ही राखीव खुर्च्या मी रोझेटाला देतो. तिच्या शेजारची खुर्ची डेरेलला तोपर्यंत वापरता येईल, जोवर तो बूड टेकून राहील. उठला, तर ती खुर्ची कोणत्याही हॅलोवेच्या विधवेला द्यावी.

कलम पाचवे. मी कॉलेजात बँडचा म्होरक्या होतो. ज्या दंडाने मी बँड चालवला, तो चांदीच्या मुठीचा दंड कॉलेजच्या संग्रहालयाने अनेकदा मागितला आहे. काचेच्या कपाटात ठेवणार म्हणे. तो संग्रहालयाला देऊ नये. म्होरक्याने मैदानाच्या मधोमध पाठ मागे कमानीसारखी वाकवायची, इतकी की टोपीचा तुरा गवताला लागला पाहिजे, आणि पुन्हा हात न टेकता उभे राहायचे. ज्याचा तुरा खरोखर गवताला लागेल त्या म्होरक्याला तो दंड त्याच्या वर्षापुरता वापरायला द्यावा. वीतभर वरूनच उठणाऱ्याला हात लावू देऊ नये. हल्ली बरेच जण वीतभर वरूनच उठतात आणि लोक टाळ्या वाजवतात. मी वाजवत नाही.

चार डावांचा सामना संपल्यावर दोन्ही बँड समोरासमोर बसून एकमेकांवर सूर फेकतात, तो आमचा पाचवा डाव. त्यात हार-जीत कोणी जाहीर करत नाही, पण सगळ्यांना कळते. सामन्यात आम्ही टार्व्हरकडून कितीदा हरलो हे मी सांगणार नाही. पाचव्या डावात मी म्होरक्या असताना एकदाही हरलो नाही, हे सांगतो. ग्रिग्ज तेव्हा टार्व्हरच्या बँडमध्ये भला मोठा ट्युबा वाजवायचा. ओडेसाने त्याला पहिल्यांदा तिथेच पाहिले, पाचव्या डावात, आमच्या बाजूला बसून. म्हणजे बघा, मी जिंकत होतो आणि माझ्या पाठीमागे घर फुटत होते.

कलम सहावे. बँकेत जे काही असेल त्यातून माझ्या दफनाचा खर्च व देणी भागवून उरलेल्याचा अर्धा भाग रोझेटाला आणि अर्धा हॅलोवेच्या बँडला द्यावा, वाद्यांसाठी आणि बाहेरगावच्या प्रवासासाठी. फुटबॉल संघाला काहीही देऊ नये. समोरच्याला धरून पाडायला ते शिकले म्हणजे पुढच्या पिढीतल्या कोणी तरी विचार करावा. जाहिराती दाखवणाऱ्या नव्या गुणफलकासाठी कोणी वर्गणी मागायला आले तर त्याला चहासुद्धा विचारू नये.

कलम सातवे व अखेरचे. ओडेसाच्या शेजारची जागा.

या वर्षी उन्हाळ्यात डॉक्टरांनी माझ्या हृदयाविषयी जे सांगायचे ते सांगितले. गावात बातमी माझ्याआधी पोचली. त्याच आठवड्यात ग्रिग्ज पेढीवर आला. या वेळी पुढच्या दाराने, गिऱ्हाइकासारखा. टोपी हातात घेऊन समोर बसला.

"थॅड, टेकडीवरच्या जागेचं विचारायचं होतं."

"कुठल्या?"

"माहीत आहे तुला कुठल्या. तिच्या शेजारच्या."

"ती माझी आहे."

"कागदावर तुझी आहे. तुला कुठंही झोपवलं तरी तू भांडतच झोपणार. मला ती जागा दे. दुसरं काही मागत नाही मी."

मी चष्मा पुसला, हिशेबाची वही बंद केली. मग म्हणालो, "देतो. एका अटीवर. जांभळ्यात जायचं. जांभळा कोट, सोनेरी टाय, पेटीचं आतलं कापड जांभळं. आणि टेकडीवर हॅलोवेचं गाणं वाजणार. तू तिला हिरव्यात पाठवलंस, मी तुला जांभळ्यात पाठवतो. फिट्टंफाट."

तो उभा राहिला. टोपी त्याने उलटी घातली. वयाने असेल, रागाने असेल.

"त्यापेक्षा खड्ड्यात फेक मला."

"खड्डे काउंटी सरकारच्या मालकीचे आहेत. त्यांच्याकडे अर्ज कर."

त्याने दार आपटले. पाटीवरचा "मुलगा" हलला. मी खूश होतो, ते लपवून ठेवत नाही. कित्येक वर्षांत इतके चांगले जेवलो नव्हतो. त्या माणसाला मी ओळखत होतो. पोटच्या पोरीचा जांभळा झगा त्याने घरात लावू दिला नाही. नातवाच्या बारशाला हिरवे मोजे घालून आला. हा मेला तरी जांभळा घालणार नाही, म्हणजे जागा माझीच राहते आणि नकारही त्याच्याच तोंडचा. याहून चांगला सौदा मी धंद्यात कधी केला नव्हता.

मग ऑक्टोबरात माहेरचा शनिवार आला. वर्षातून एकदा जुने विद्यार्थी जिथे असतील तिथून परत येतात तो दिवस. ओकखाली मुंगी शिरायला जागा नव्हती. बायका मोठमोठ्या टोप्या घालून, म्हातारे आपापल्या वर्षाची जांभळी जाकिटे घालून. भट्टी पहाटेपासून पेटलेली, कोलार्डची पालेभाजी शिजत होती, तळलेल्या माशांवर लोक तुटून पडले होते. माझी शेजारीण अर्लीन टब्ज पाव कापत होती. तिचाच हात आधी थांबला.

"अगं बाई! हा ग्रिग्ज की त्याचं भूत?"

ग्रिग्ज गर्दीतून येत होता. राखाडी कोट, आणि गळ्यात जांभळा टाय. गाठ वाकडी होती. त्याच्या टायची गाठ जन्मभर ओडेसा बांधत आली, त्याला ती कधी जमली नाही.

लोकांना दुसरे काय हवे होते? "वाट चुकलास का रे?" "थॅड, पाणी मार त्याच्या तोंडावर, ताप चढलाय त्याला!" "टार्व्हरनं हाकललं वाटतं!" कोणी तरी तर म्हणाले, "बायको गेली आणि पाठोपाठ अक्कलही गेली." तो कोणाकडे न बघता सरळ माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"कबूल आहे," तो म्हणाला.

"काय कबूल आहे?" मला कळले होते. पण चारचौघांसमोर त्याच्या तोंडून वदवून घ्यायचे होते.

"तू मागितलंस ते. कोट, टाय, कापड, गाणं. मोजेसुद्धा जांभळे घाल. मला तिच्या शेजारी झोपू दे, थॅड."

कोणी तरी टाळी वाजवली. दुसऱ्या कोणीही साथ दिली नाही, आणि ती टाळी तिथेच विरली. अर्लीनने तोंडावर हात धरला होता. टोप्यांखालच्या चार-दोन बायका डोळे पुसत होत्या आणि माझ्याकडे अशा पाहत होत्या, जणू काही मी कुणाचे तरी कपडे भर रस्त्यात काढून घेतले होते.

"बस. खाऊन घे," मी म्हणालो.

"भूक नाही."

"माझ्या झाडाखालून उपाशी कोणी जात नाही. बस म्हणतो ना."

तो बसला. बरगडी नुसती हातात धरून राहिला. मग त्याने सामनाही आमच्या बाजूला बसून पाहिला. मध्यंतराला बँड आला, म्होरक्याने तुरा गवताला टेकवला, अख्खा स्टँड उठून ओरडला आणि ग्रिग्जही आमच्यात उभा राहिला, तो वाकडा टाय घालून, ज्याच्यावर तो जन्मभर थुंकत आला तो रंग गळ्यात बांधून. मी जिंकलो होतो. मला ते क्षणभरही गोड लागले नाही. मला राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

राग का आला ते लिहितो, कारण मेल्यावर मला कोणी विचारू शकणार नाही. मी स्वतःला विचारले, ओडेसाच्या शेजारी झोपायला मिळावे म्हणून तू हिरवा घातला असतास का? लहानपणी तिला खांद्यावर बसवून मी बँड दाखवला आहे. तिच्यासाठी मी काय केले नसते! पण हिरवा घातला नसता. भर माहेरच्या शनिवारी, सगळ्यांच्या देखत, कधीच नाही. त्याने जांभळा घातला. म्हणजे इतकी वर्षे मी ज्याला घर फोडणारा म्हणत आलो, त्याचे तिच्यावर माझ्याहून जास्त प्रेम होते. एवढे मोठे नुकसान टार्व्हरच्या कोणत्याही माणसाने माझे आजवर केले नव्हते.

म्हणून मी ठरवतो ते येणेप्रमाणे. ओडेसाच्या डाव्या हाताची जागा अल्फॉन्झो ग्रिग्ज याला द्यावी. अट रद्द. त्याला हिरव्याच कपड्यांत पुरावे, पेटीच्या आत हिरवेच कापड लावावे, आणि ते चांगल्या प्रतीचे असावे. टार्व्हरचे गाणे वाजवायचे असेल तर त्यांचा बँड बोलवावा. आमचा बँड ते वाजवणार नाही, उपाशी मरायची वेळ आली तरी. ही माफी नव्हे आणि उपकारही नव्हे. कोणी तसे म्हटले तर रोझेटाने ते तिथल्या तिथे खोडून काढावे. तो माझ्याआधी गेला, तर हिरवा कोट मीच त्याला घालीन, आणि नीट घालीन, कारण मी काम वाईट करत नाही.

हा निर्णय माझ्या मरणापूर्वी ग्रिग्जला कळू देऊ नये. तोवर तो जांभळा टाय त्याच्या कपाटात लटकत राहू दे. रोज सकाळी दार उघडले की दिसू दे. एवढे सुख माझ्या म्हातारपणी मला हवे आहे.

राहिलो मी. टेकडीच्या पायथ्याशी दफनभूमीचा नवा भाग केला आहे, तिथे कुंपणाला लागून मला जागा घ्यावी. तिथे आमच्या कुळातले कोणी नाही, ओळखीचेही कोणी नाही. कुंपणापलीकडे पाहुण्या संघाच्या बस उभ्या राहतात. दगडाचे तोंड बसच्या दाराकडे करावे आणि त्यावर माझ्या नावाखाली "हॅलोवे" एवढेच कोरावे, टार्व्हरच्या पोरांना खाली उतरताना वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत. तिथे मी एकटा असेन, हे मला समजते. शेजारी कोणी असावे म्हणून मी आयुष्यात कधीही रंग बदलला नाही.

वरील मजकूर मी स्वतः सांगितला, वकिलाने सौम्य केलेले शब्द पुन्हा पूर्ववत करून घेतले, आणि सर्व वाचून खाली नमूद साक्षीदारांच्या समोर सही केली आहे. साक्षीदारांनी एकमेकांच्या व माझ्या समक्ष सह्या केल्या आहेत.

(सही) थॅडियस मॅकॅल्पिन

साक्षीदार:
१. (सही) रेव्हरंड जोसाया स्पिव्ही, चॅपल रस्ता
२. (सही) अर्लीन टब्ज, चॅपल रस्ता

स्थळ: कोलमन बेंड, अलाबामा
दिनांक: १४ नोव्हेंबर २०१३